जादा ब्रेक

हॅलिफॅक्सच्या चढउतारांवर सव्वीस वर्षं
मी डाव्या सीटवर बसून गाडी शिकवतो.
पायाशी माझा स्वतःचा एक ब्रेक.
कितीदा दाबला, मोजलं नाही.
तो दाबायचा अशा बेतानं
की शिकणाऱ्याला वाटावं, आपणच थांबलो.
कला एवढीच. बाकीचं पुस्तकात असतं.

मार्चमध्ये नवी गाडी घेतली.
पहिल्याच संध्याकाळी, हेब्डन ब्रिजच्या अलीकडे,
खड्डा चुकवायला जरासं उजवीकडे घेतलं
तर स्टिअरिंगनं माझं मनगट धरलं
आणि मला नेऊन खड्ड्यात घातलं.
पांढऱ्या पट्टीवर तिची फार निष्ठा.

मग ती वेगाची घंटा.
बाजूच्या गल्लीतली वीसची पाटी वाचते
आणि चाळीसच्या रस्त्यावर
अडतिसानं जाणाऱ्या माझ्या कानाशी
टिंग. टिंग. टिंग.
आरशात बघितलं तर म्हणते, समोर बघा.
जांभई आली तर कॉफीचा कप दाखवते.
चित्र. कॉफी नव्हे.
एकदा उडत आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीपुढे
देवळात थांबावी तशी थांबली.
मागचा लॉरीवाला जे बोलला
ते खास यॉर्कशरचं होतं, मराठीत आणत नाही.
आणि जानेवारीत, बर्फात, हात धरायला खरंच कुणी हवं होतं,
तेव्हा पडद्यावर ओळ:
कॅमेरा झाकला गेला आहे.

बंद करता येतं सगळं.
पाच ठिकाणी बोट लावायचं.
सकाळी बटण दाबलं की पुन्हा सगळे जागे,
काल काही भांडण झालंच नाही
अशा चेहऱ्यानं.

मी शिकलो मिरजेला, बाबूमामाच्या मॅटॅडोरवर.
तिचा एकच काटा हलायचा, तोही डिझेलचा नव्हे.
मामा शेजारी सुपारी कातरत बसायचा.
अडकित्त्याचा आवाज थांबला
की समजायचं, आपलं काहीतरी चुकतंय.

मॉरीन हॅलिवेल, वय त्रेसष्ट, दर गुरुवारी अकरा वाजता.
नवरा होता तोवर स्टिअरिंग त्याच्याकडे.
नवरा गेला, पाठोपाठ त्यांच्या टेकडीवरची बसही बंद झाली.
पहिल्याच तासाला टिंग वाजली.
मी ओशाळून पडद्याकडे हात नेला,
तर बाई म्हणाल्या, "गप रे, नॉर्मन,"
आणि दुसरा गिअर टाकला.

तेव्हापासून हे असंच.
स्टिअरिंगनं ओढलं की, "दिसतंय मला, नॉर्मन."
कॉफीचा कप आला की,
"तू कर ना. चाळीस वर्षांत एकदा तरी केलीस?"
मी डावीकडे बसून खिडकीबाहेर बघतो.
दोघांच्या मध्ये बोलणं बरं नव्हे.

गेल्या गुरुवारी शाळेपाशी
उभ्या व्हॅनमागून एक पोरगा सायकलसकट रस्त्यात आला.
माझा पाय ब्रेकवर पोचला
तर ब्रेक आधीच खाली होता.
बाईंनी दाबला, की गाडीनं?
सव्वीस वर्षांच्या पायाला कळलं नाही.
पोरानं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, गेला.
बाई थरथरत होत्या.
म्हणाल्या, "थांबले की नाही मी?"
हो म्हणालो.
हेच तर म्हणत आलोय सगळ्यांना.

घरी जाताना तोच रस्ता,
तोच खड्डा, तीच पट्टी.
मनगट धरलं, नेऊन घातलं.
मी शिवी हासडली, अस्सल मिरजेची,
मामा असता तर अडकित्ता थांबला असता.
तिनं शांतपणे
कॉफीचा कप दाखवला.